सखीची जागा : जपानी शोजो प्रेममालिका आणि रसिकाचा प्रतिसाद

मुलींसाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रेमकथा हा समीक्षेने सहसा दुरूनच न्याहाळलेला प्रांत आहे. या कथांचा वाचक म्हणजे स्वप्नरंजनात गुंतलेली मुलगी. तिच्या वाचनामागील प्रेरणा म्हणजे नायिकेच्या जागी स्वतःला कल्पून वास्तवातील उणीव भरून काढणे. आणि त्यातून मिळणारा आनंद म्हणजे फार तर एक निरुपद्रवी विरंगुळा, अशी एक समजूत रूढ आहे. जपानमध्ये ‘शोजो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रेममालिकांच्या बाबतीत ही समजूत कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी मालिकांच्या कथानकांबरोबरच त्या आवडीने पाहणाऱ्या चाहत्याच्या प्रतिक्रिया हे अभ्यासाचे साधन मानले आहे. प्रस्तुत लेखिका या मालिकांची चाहती आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे. पुढे ज्या प्रतिक्रियांचा ऊहापोह केला आहे, त्या प्रथमतः तिच्या स्वतःच्या आहेत. त्या व्यक्तिगत असल्या तरी लहरी नाहीत. मालिकांच्या रचनेतच त्यांची कारणे सापडतात, असे येथे दाखवावयाचे आहे.

१

‘शोजो’ या जपानी शब्दाचा वाच्यार्थ ‘मुलगी’ असा असला, तरी त्याला एक विशिष्ट सामाजिक इतिहास आहे. १८९९ साली मुलींच्या उच्च शाळांविषयीचा शासकीय आदेश निघाला आणि बालपण व विवाह यांच्या दरम्यान शाळेत घालवावयाची काही वर्षे सुस्थित घरांतील मुलींच्या वाट्याला आली. या वर्षांना स्वतःचे वाङ्मय मिळाले ते मासिकांतून. ‘शोजोकाइ’ हे मासिक १९०२ साली, तर ‘शोजो नो तोमो’ १९०८ साली निघाले. योशिया नोबुको या लेखिकेच्या ‘हाना मोनोगातारि’ या कथामालेचा प्रारंभ १९१६ सालचा. मुलींच्या परस्परस्नेहाच्या या हळुवार कथांत फुलांची प्रतिमासृष्टी, अंतर्मुख भाषा आणि विरहाची पूर्वजाणीव ही पुढील शोजो-वाङ्मयाची लक्षणे आधीच आढळतात.

युद्धोत्तर काळात या वाङ्मयाचे प्रमुख माध्यम चित्रकथा, म्हणजे मांगा, हे झाले. तेझुका ओसामु यांची ‘रिबोन नो किशि’ ही चित्रकथा १९५३ साली मुलींच्या मासिकात सुरू झाली. १९६३ साली ‘मार्गारेट’ हे नियतकालिक निघाले. पुढे १९७० नंतरच्या दशकात हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको, इकेदा रियोको आदी स्त्री-चित्रकथाकारांनी या प्रकाराचा कायापालट केला. चित्रचौकटींची सरळ उतरंड मोडून पान मोकळे करणे, आणि पात्राचे मनोगत संवादाच्या फुग्याबाहेर पानावर स्वैर मांडणे, हे त्या कायापालटाचे दोन महत्त्वाचे विशेष. आज दिसणाऱ्या बहुतेक शोजो प्रेममालिका अशा चित्रकथांवरून तयार झालेले सचेतपट, म्हणजे ॲनिमे, आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शोजो ही वाचकवर्गावरून पडलेली संज्ञा आहे. ती विषयाची वर्गवारी नव्हे. १९९२ ते १९९७ या काळात २०० भागांत चाललेली ‘सेलर मून’ ही साहसमालिकाही शोजोच होय. प्रस्तुत विवेचन मात्र प्रेमकथाप्रधान मालिकांपुरते मर्यादित आहे.

२

फुग्याबाहेरचे मनोगत हा या प्रकाराचा गाभा आहे, असे म्हणता येईल. चित्रकथेच्या पानावर फुग्यातील शब्द सर्वांनी ऐकावयाचे असतात. फुग्याबाहेर तरंगणारे शब्द केवळ वाचिकेने. एकाच चित्रात नायिका ओठांनी एक बोलते आणि मनाने दुसरे. या दोहोंमधील अंतर वाचिका एका दृष्टिक्षेपात पाहू शकते.

पडद्यावर हे साधण्यासाठी निराळ्या युक्त्या योजाव्या लागतात. सर्वांत सामान्य युक्ती म्हणजे नायिकेचेच मनोगत तिच्याच आवाजात, पण ओठ न हलता ऐकविणे. त्या वेळी पार्श्वभूमीवरील वर्ग किंवा रस्ता पुसला जातो आणि त्या जागी प्रकाशाचे ठिपके, पाकळ्या अथवा नुसता रंग येतो. ‘बेरुसाइयु नो बारा’ या १९७९–८० सालच्या मालिकेच्या उत्तरार्धाचे दिग्दर्शक देझाकि ओसामु यांनी भावनेच्या परमोच्च क्षणी हालचाल थांबवून रंगीत खडूंनी काढल्यासारखे स्थिरचित्र दाखविण्याची पद्धत रूढ केली. ती ‘पोस्टकार्ड-स्मृती’ या नावाने ओळखली जाते. ‘कारेशि कानोजो नो जिजो’ या १९९८–९९ सालच्या मालिकेत आन्नो हिदेआकि यांनी आणखी पुढे जाऊन मनोगतातील शब्द थेट पडद्यावर लिहिले, रिकामे रस्ते व वाहतुकीचे दिवे यांची स्थिरचित्रे मधूनमधून पेरली, आणि एक भाग तर काड्यांवर चिकटविलेल्या कागदी आकृतींनी सादर केला. हालचाल हा ज्या माध्यमाचा धर्म, त्यात हालचाल रोखून मनाची गती दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

या युक्त्यांचा प्रेक्षकावर होणारा परिणाम प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. नायिकेच्या मनातील जे नायकाला ठाऊक नाही, तिच्या आईला किंवा वर्गमैत्रिणींना ठाऊक नाही, ते प्रेक्षकाला पहिल्या भागापासून ठाऊक असते. अशी सर्वज्ञ पण कथेबाहेर राहणारी जागा आपल्या काव्यपरंपरेला अपरिचित नाही. नायिकेचे गुपित जिला ठाऊक असते, तिच्या निःश्वासाचा अर्थ जी ओळखते, तिला धीर देते, प्रसंगी दटावते, ती सखी होय. शोजो प्रेममालिकेचा रसिक नायिकेच्या जागी उभा राहत नाही. तो सखीच्या जागी उभा राहतो, असे माझे प्रतिपादन आहे. चाहत्याच्या पुढील सर्व प्रतिक्रियांचा उलगडा या एका गृहीतकाने होऊ शकतो.

३

पहिली आणि सर्वांत तीव्र प्रतिक्रिया अधीरतेची. तिच्या स्पष्टीकरणासाठी ‘किमि नि तोदोके’ ही मालिका पाहणे उपयुक्त ठरेल. शिइना कारुहो यांच्या चित्रकथेवरील या मालिकेची पहिली फेरी २००९–१० साली २५ भागांत झाली, दुसरी २०११ साली आणि तिसरी तब्बल तेरा वर्षांनी, २०२४ साली. शीर्षकाचा भावार्थ ‘तुझ्यापर्यंत पोहोचो’ असा आहे. नायिका कुरोनुमा सावाको ही लांब काळ्या केसांची, अबोल मुलगी. ‘रिंग’ या भयकथेतील सादाको या भुतासारखी ती दिसते म्हणून वर्ग तिला सादाको म्हणतो. तिच्या डोळ्यांत तीन सेकंद पाहिले तर अरिष्ट ओढवते, असेही बोलले जाते. काझेहाया शोता हा सर्वांचा लाडका मुलगा मात्र तिला तिच्या खऱ्या आडनावाने हाक मारतो. दोघांचे मन कोठे जडले आहे, हे प्रेक्षकाला लवकरच कळून चुकते. परंतु पहिले २५ भाग संपले तरी ते दोघे एकमेकांना तसे सांगत नाहीत.

चाहता या काळात पडद्याशी चक्क बोलू लागतो. ‘अगं, बोल की आता!’ हे उद्गार अभावितपणे तोंडून निघतात. शेवट काय होणार याविषयी येथे कुतूहल नसते. शेवट ठाऊक असतोच. मग अधीरता कशाची?

संस्कृत साहित्यशास्त्रात विश्वनाथाने विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार मानले आहेत. शोजो प्रेमकथा बव्हंशी पूर्वरागाच्या, म्हणजे मीलनापूर्वीच्या अनुरागाच्या, अवस्थेत नांदते. तथापि एक मूलगामी फरक आहे. परंपरेतील पूर्वरागात प्रिय व्यक्ती दुर्लभ असते. तिचे दर्शन स्वप्नात, चित्रात वा क्षणमात्र घडते. येथे ती शेजारच्या बाकावर रोज भेटते. कुलाचा, धनाचा किंवा देशकालाचा अडसर बहुधा नसतो. अडसर असतो तो नायिकेच्या स्वतःविषयीच्या समजुतीचा. आपण कोणाच्या आवडीस पात्र आहोत, हेच सावाकोला खरे वाटत नाही. काझेहायाचा चांगुलपणा ती त्याच्या सर्वांविषयीच्या चांगुलपणात जमा करून टाकते. ‘कारेशि कानोजो नो जिजो’ मधील मियाझावा युकिनो ही गुणवंत मुलगी वरकरणी हिच्या अगदी उलट. परंतु कौतुकासाठी धारण केलेला मुखवटा उतरला तर आपण कोणालाच आवडणार नाही, ही तिची भीती त्याच जातीची आहे.

सखीची अधीरता या ठिकाणी जन्मते. सखीला मैत्रिणीचे मोल ठाऊक असते, मैत्रिणीला नसते. म्हणून ‘बोल की’ या उद्गारात ‘त्याला सांग’ यापेक्षा ‘स्वतःला कमी लेखू नकोस’ हा आग्रह अधिक असतो. प्रेक्षक वाट पाहतो ती मीलनाची कमी आणि नायिकेला वाचा फुटण्याची अधिक.

जपानी शाळकरी जीवनातील ‘कोकुहाकु’ या प्रथेमुळे या वाचा फुटण्याला एक निश्चित रूप लाभते. एकाने दुसऱ्यासमोर उभे राहून आपली आवड स्पष्ट शब्दांत सांगावयाची आणि दुसऱ्याने होकार वा नकार द्यावयाचा, असा हा जवळजवळ विधीच आहे. त्यात वापरले जाणारे ‘सुकि’ हे पद पदार्थाची आवड, मैत्री आणि प्रेम या तिन्हींसाठी चालते. एकच शब्द इतक्या अर्थांना पुरत असल्यामुळे तो उच्चारला जाऊनही गैरसमजास वाव राहतो, आणि कथाकार तो वाव पुरेपूर वापरतात.

संबोधनांची गोष्टही अशीच. आडनावापुढे ‘कुन’ वा ‘सान’ लावून बोलणारी दोन माणसे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारू लागली, की चाहत्याच्या दृष्टीने ती मोठी घटना असते. मराठी प्रेक्षक या मालिका पुष्कळदा इंग्रजी उपशीर्षकांच्या आधारे पाहतो आणि तेथे हा फरक अनेकदा पुसट होतो. मात्र ‘अहो’चे ‘अरे’ होण्यात काय घडते हे ज्या भाषेत सहज कळते, आणि नाव घेण्यासाठी जिच्यात उखाण्यासारखा प्रकार निर्माण झाला, त्या भाषेच्या प्रेक्षकाला ही हाक विशेष समजावी.

४

दुसरी प्रतिक्रिया संकोचाची आणि तिसरी हसण्याची. या दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात. छातीत अचानक बारीकशी चिमट बसल्याप्रमाणे जे होते, त्याला जपानीत ‘किउन’ हा अनुकरणवाचक शब्द आहे. मराठीतील हुरहुर अधिक दीर्घ आणि कालवाकालव अधिक दुःखमय. किउन क्षणिक व गोड आहे. हा क्षण आला की चाहता तोंडावर उशी घेतो, दृश्य थांबवितो, आणि थोड्या वेळाने मागे नेऊन तेच पुन्हा पाहतो. नायिकेशी पूर्ण तादात्म्य असते तर दृश्य थांबविण्याची गरज पडली नसती. दुसऱ्याच्या अत्यंत खाजगी क्षणी आपण तेथे हजर आहोत, या जाणिवेतून हा संकोच उद्भवतो. सखीने दाराआड उभे राहून ऐकावे आणि ऐकताना स्वतःच लाजावे, तसे हे आहे.

हसण्याची सोय तर मालिका स्वतःच करते. भावनेचा ताण वाढला की तीच नायिका एकाएकी ठेंगण्या, टिंबाएवढ्या डोळ्यांच्या बाहुलीसारखी काढली जाते. क्षणार्धात पुन्हा मूळ रूपात येते. या रूपांतराने दृश्याचे गांभीर्य नष्ट होत नाही. प्रेक्षकाला मात्र श्वास घेण्यास उसंत मिळते आणि नायिकेची थट्टा करण्याचा मैत्रिणीचा हक्कही मिळतो. २०१४ सालची ‘गेक्कान शोजो नोझाकि-कुन’ ही १२ भागांची विनोदी मालिका याच हक्कावर उभी आहे. तिच्यातील साकुरा चियो ही मुलगी नोझाकिला प्रेम सांगावयास जाते आणि ऐनवेळी ‘मी तुझी चाहती आहे’ असे बोलून बसते. तो शांतपणे तिला स्वाक्षरी देतो, कारण हा धिप्पाड मुलगा गुपचूप मुलींच्या चित्रकथा काढत असतो. शोजोचे सर्व संकेत पाठ असल्यावाचून ही मालिका नीट हसवू शकत नाही. आपल्या आवडीच्या प्रकाराकडे चाहता डोळे मिटून पाहतो, या समजुतीला असा विनोद हे चांगले उत्तर आहे.

५

चौथी प्रतिक्रिया अश्रूंची. येथे एक लक्षणीय बाब आढळते. या प्रेममालिकांत चाहत्याला सर्वाधिक रडविणारे प्रसंग पुष्कळदा प्रेमाचे नसतातच. ‘किमि नि तोदोके’च्या आरंभीच्या भागांत सावाकोच्या दोन नव्या मैत्रिणींविषयी, योशिदा चिझुरु आणि यानो आयाने यांच्याविषयी, कुत्सित अफवा पसरतात. आपल्यामुळे त्यांना बट्टा लागेल म्हणून प्रथम दूर सरणारी सावाको शाळेच्या प्रसाधनगृहात त्या दोघींची निंदा ऐकते आणि आयुष्यात प्रथमच विरोधासाठी उभी राहते. बोललेले मागे घ्या, असा आग्रह धरते. या प्रसंगी नायक तेथे नाही. स्वतःसाठी जिला कधी शब्द सापडले नाहीत, तिला मैत्रिणींसाठी ते सापडतात. सखीच्या जागी बसलेल्या प्रेक्षकाला हा प्रसंग हलवून सोडतो, यात नवल नाही; पडद्यावर सख्यत्वाचेच मूल्य सिद्ध होत असते.

ताकाया नात्सुकि यांच्या ‘फ्रूट्स बास्केट’ या चित्रकथेत हेच सूत्र अधिक गडद होते. १९९८ ते २००६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या कथेवर प्रथम २००१ साली २६ भागांची मालिका निघाली. मूळ कथा तेव्हा अपूर्ण होती. २०१९ ते २०२१ या काळातील ६३ भागांच्या नव्या मालिकेने ती शेवटापर्यंत नेली. सोमा घराण्यातील शापित व्यक्तींना भिन्नलिंगी व्यक्तीने मिठी मारली की त्यांचे पंचांगातील प्राण्यांत रूपांतर होते. आलिंगन हीच गोष्ट अशक्य करून कथेने शृंगाराची नेहमीची वाट बंद केली आहे. उरतो तो मायेचा आणि शब्दांचा मार्ग. आईच्या मृत्यूनंतर तंबूत राहणारी होन्दा तोहरू सर्वांचे दुःख ऐकते, स्वतःचे सांगत नाही. आईची जागा दुसऱ्या कोणाच्या प्रेमाला दिली तर आई खरोखरच निघून जाईल, ही तिची भीती उशिरा उघड होते. ती उघड होते तेव्हा येणारे अश्रू शोकाचे कमी, सुटकेचे अधिक असतात.

अलीकडच्या ‘युबिसाकि तो रेनरेन’ या २०२४ सालच्या १२ भागांच्या मालिकेने मनोगताच्या संकेताला नवा अर्थ दिला आहे. युकि ही विद्यार्थिनी जन्मतः ऐकू शकत नाही. ती हातांच्या खुणांनी, ओठ वाचून आणि लिहून संवाद करते. तिच्या मनातील आवाज मात्र प्रेक्षकाला सतत ऐकू येतो. इत्सुओमि हा अनेक भाषा जाणणारा तरुण तिची खुणांची भाषा शिकू लागतो, तेव्हा दुसऱ्याच्या भाषेपर्यंत जाणे हीच प्रेमाची कृती ठरते. इतर मालिकांत नायिकेला बोलावयास शिकावे लागते. येथे समोरच्याला तिचे ऐकावयास शिकावे लागते.

६

सखी नेहमीच अनुकूल असते असे मात्र नाही. कामिओ योको यांच्या ‘हाना योरि दांगो’ या चित्रकथेवरील १९९६–९७ सालच्या ५१ भागांच्या मालिकेत धनाढ्य दोम्योजि हा गरीब घरातील माकिनो त्सुकुशि हिचा वर्गाकरवी छळ करवितो, तिच्यावर बळजबरीचा प्रयत्नही करतो, आणि पुढे तोच नायक ठरतो. मुलीला भिंतीशी अडवून शेजारी हात आपटण्याचा ‘काबेदोन’ हा संकेतही असाच. हा शब्द २०१४ साली जपानमध्ये वर्षातील लोकप्रिय शब्दांच्या पहिल्या दहांत गणला गेला. अशा प्रसंगी चाहत्याची प्रतिक्रिया दुभंगते. त्सुकुशिच्या प्रतिकाराचा त्याला अभिमान वाटतो, आणि पुढे तिचे मनोगत दोम्योजिच्या वागण्याला मृदू अर्थ देऊ लागते तेव्हा त्याचे मन ते स्वीकारण्यास कचरते. रसिक नायिकेशी एकरूप झालेला असता, तर तिने केलेली क्षमा त्यानेही केली असती. तिच्यावर माया करणारा, पण तिच्याहून वेगळा असा तो असल्यामुळेच हा राग संभवतो. मालिकेतील मूल्यांची चिकित्सा त्याच्या ठायी आस्वादाबरोबरच चालू असते.

अर्थात सखीच्या जागेला एक मर्यादा आहे, आणि तिच्यातच या मालिकांची वेदना व गोडी साठलेली आहे. काव्यातील सखी निरोप नेते, नायकाची कानउघाडणी करते, भेट घडवून आणते. पडद्यासमोरच्या सखीला यांपैकी काहीच करता येत नाही. तिचे ज्ञान पूर्ण आणि सामर्थ्य शून्य. म्हणूनच ती पडद्याशी बोलते, आणि मालिका संपली की तिच्याविषयी दुसऱ्या चाहत्याशी बोलल्यावाचून तिला चैन पडत नाही. जे पात्राला सांगता आले नाही, ते कोणाला तरी सांगावेच लागते.

या विवेचनातून निष्कर्ष काढावयाचा तर असा की, शोजो प्रेममालिकांच्या आवडीला स्वप्नरंजन हे नाव अपुरे आहे. स्वप्नरंजनात दुसऱ्याचे सुख कल्पनेने आपले करून घेतले जाते. येथे दुसऱ्याच्या मनाकडे दीर्घकाळ, तपशिलाने आणि स्वतःच्या लाभाची अपेक्षा न ठेवता लक्ष दिले जाते. नायिकेच्या वयाच्या मुलीच केवळ नव्हेत, तर ते वय मागे टाकलेल्या स्त्रिया आणि अनेक पुरुषही या मालिकांत का रमतात, याचेही उत्तर येथे मिळते : सखी होण्यास वयाची वा लिंगाची अट नसते. मराठीतही मुलींनी आवडीने वाचलेल्या, परंतु वाङ्मयेतिहासात क्वचितच नोंदविल्या गेलेल्या प्रेमकथांचा साठा लहान नाही. त्या वाचणाऱ्या मुली नायिका होऊ पाहत होत्या की तिच्या सख्या, हा प्रश्न त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही. तो विचारावयाचा, तर त्यांच्या अधीरतेची, हसण्याची आणि रडण्याची नोंद समीक्षेला प्रथम आदरपूर्वक घ्यावी लागेल.